बिऱ्हाडकरूंची मालकमपेठ

महाबळेश्वरच्या बाजारातून बाहेर पडून आपण एखाद्या पॉइंटकडे जाणाऱ्या तांबड्या वाटेला लागलो, की दोन्ही बाजूंच्या गर्द झाडीतून मधून मधून जांभ्या दगडाचे शेवाळलेले खांब दिसू लागतात. त्या खांबांवर कधीकाळी बसविलेली, बंगल्याचे इंग्रजी नाव मिरविणारी पाटी कोठे शाबूत असते, कोठे निम्मी गळून गेलेली असते. आणि आत वळत गेलेल्या वाटेच्या टोकाशी जे उतरत्या छपराचे, रुंद ओटीचे, पुष्कळशा खिडक्यांचे घर असते, त्याच्याकडे पाहून मनात पहिला विचार येतो तो हा, की ज्याने हे घर इतक्या हौसेने बांधले तो गृहस्थ येथे राहावयास कधी आलाच नव्हता. तो आला होता आठदहा आठवड्यांच्या मुक्कामाला. जमीन त्याची नव्हती, गाव त्याचे नव्हते, आणि मृगाचा पहिला मेघ सावित्रीच्या खोऱ्यावर दिसताच सामानसुमान बांधून खाली उतरावयाचे, हे बंगल्याचा पाया खणतानाच ठरलेले होते. गव्हर्नरापासून गिरणीमालकापर्यंत सगळेच येथले बिऱ्हाडकरू. आणि बिऱ्हाडकरूंनी वसविलेल्या गावाचा इतिहास हा इतर गावांच्या इतिहासासारखा देवळापासून, पाणवठ्यापासून किंवा पाटलाच्या वाड्यापासून सुरू होत नाही, तर एका दस्तऐवजापासून सुरू होतो.

देऊळ आणि पाणवठा येथे नव्हते असे नव्हे. किंबहुना ते इतके पुरातन होते, की त्यांच्यापुढे मालकमपेठ, म्हणजे आजची महाबळेश्वरची पेठ, हे कालचे पोर. पेठेपासून दोनअडीच कोसांवर असलेले क्षेत्र महाबळेश्वर, तेथले स्वयंभू लिंग आणि कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री यांचा उगम मानले जाणारे पंचगंगेचे मंदिर ही स्थाने यादवकाळापासून यात्रेकरूंना ठाऊक होती. जावळीचे मोरे येथले धनी होते, १६५६ मध्ये शिवाजीमहाराजांनी जावळी घेतली आणि समोरच्या डोंगरावर प्रतापगड उभा केला, आणि १६६५ च्या आरंभी याच क्षेत्री जिजाऊंची सुवर्णतुला झाली. तथापि इतक्या शतकांत या पठारावर कोणी घर बांधून हवा खाण्यासाठी राहिल्याचे ऐकिवात नाही. याचे कारण आपल्या पूर्वजांना सृष्टिसौंदर्याची जाण नव्हती हे नसून, त्यांना पाऊस ठाऊक होता हे आहे. वर्षाकाठी दोनशे इंचांहून अधिक पाऊस, आणि तोही बहुतेक सारा चार महिन्यांत, जेथे कोसळतो, तेथे यात्रेला यावे, स्नान करावे, अभिषेक करावा आणि उतरावे, हाच शहाण्या माणसाचा रिवाज. घर बांधावे ते वाईला, घाटावर. जेथे कृष्णा शांत झालेली असते.

पेशवाई बुडाल्यानंतर इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंहमहाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसविले आणि त्यांच्याजवळ आपला रेसिडेंट ठेवला. १८२४ च्या उन्हाळ्यात लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी काही शिपाई बरोबर घेऊन, झाडी तोडत, या पठाराच्या कड्यापर्यंत चढून आला. कोकणावर तरंगणाऱ्या त्या कड्याला पुढे त्याचेच नाव मिळाले. पण त्याच्याही आधी धनगर, कोळी आणि कुळवाडी त्या जागी गुरे चारीत होते, आणि त्यांची नावे कोणत्याही कड्याला मिळाली नाहीत. रेसिडेंट ब्रिग्ज याने राजाच्या मागे लागून साताऱ्याहून वर येणारा गाडीरस्ता करवून घेतला. रस्ता आधी आणि वस्ती मागाहून, हा क्रम आज आपल्याला इतका अंगवळणी पडला आहे, की त्यातले नावीन्य ध्यानात येत नाही. जुन्या काळी माणसे राहू लागत आणि त्यांच्या पावलांनी वाट पडे. येथे वाट आधी पडली, आणि मग तिच्या काठाने माणसांना जागा आखून दिल्या गेल्या.

त्या जागा आखून देणारा म्हणजे सर जॉन माल्कम. हा १८२७ च्या अखेरीस मुंबईचा गव्हर्नर झाला. हिंदुस्थानात त्याचे आयुष्य छावण्यांत आणि दरबारांत गेले होते; उन्हाळ्याने आणि तापाने गोरा शिपाई कसा झिजतो हे त्याने पाहिले होते, आणि या पठारावर आजारी शिपायांसाठी आरोग्यस्थान काढावे असा त्याने संकल्प केला. परंतु पठार सातारकरांच्या राज्यात होते. तेव्हा १८२९ च्या मे महिन्यात तहनामा झाला, आणि वाईच्या बाजूचे खंडाळा हे गाव महाराजांना देऊन त्याच्या मोबदल्यात कंपनी सरकारने हा डोंगरमाथा घेतला. या देवघेवीचे स्वरूप नीट ध्यानात घेण्यासारखे आहे. खंडाळा हे पिकते, सारा भरणारे, जमाबंदीच्या दप्तरात किंमत ठरलेले गाव. आणि डोंगरमाथा म्हणजे हिरडा, जांभूळ, कारवी आणि कातळ, ज्याचे उत्पन्न कोणत्याही कारकुनाला मांडून दाखविता आले नसते. त्या दिवशी साताऱ्याच्या दरबारात या सौद्याकडे पाहून कोणी मनातल्या मनात हसले असेल, तर त्याला दोष देता येणार नाही. ज्या जमिनीत काही उगवत नाही तिची किंमत तिच्यावरून वाहणाऱ्या वाऱ्यावर ठरते, ही कल्पना महसुलाच्या शास्त्रात तोवर शिरलेली नव्हती.

नव्या बाजाराला महाराजांनी गव्हर्नराचे नाव दिले आणि मालकमपेठ जन्माला आली. परंतु पेठेभोवती जे प्लॉट पडले ते कोणाला विकले गेले नाहीत. सरकारने जमीन आपल्याकडे ठेवली आणि बांधणाऱ्याला ती मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली: घर तुझे, भुई सरकारची. आरंभी ही तजवीज छावणीच्या रीतीची होती. लष्करी छावणीत अधिकाऱ्याने बंगला बांधावा, पण जमिनीवर त्याने हक्क सांगू नये, हा कंपनीचा जुना शिरस्ता. आरोग्यस्थान लष्करासाठी निघाले म्हणून छावणीचा शिरस्ता त्याला लागू झाला, आणि पुढे शिपाई मागे पडून साहेबलोक, वकील, व्यापारी व संस्थानिक पुढे आले तरी तो तसाच चालू राहिला. मला वाटते, महाबळेश्वरच्या घरांच्या पुढच्या साऱ्या कहाणीचे, तिच्यातल्या रुबाबाचे आणि तिच्यातल्या तंट्यांचेही, बीज या एका शिरस्त्यात आहे.

बांधकामाला दगड शोधावा लागला नाही. पायाखालचा जांभा काढावयाचा, तो ओला असता कुऱ्हाडीने तासता येतो आणि वाऱ्यावर वाळला की टणक होतो. परंतु मजूर शोधावे लागले. माल्कमने येथे एक तुरुंग काढला, आणि मलाक्का-सिंगापूरकडच्या इंग्रजी वसाहतींतून आणलेले शंभरावर चिनी व मलायी कैदी त्यात ठेवले. या परदेशी बंदिवानांनी रस्त्यांवर राबून, बागा करून, बटाटे व इतर भाज्या पिकवून साहेबांच्या मेजाची सोय केली. १८६४ च्या सुमारास तुरुंग बंद झाला, आणि आज त्यांची आठवण चायनामन नावाच्या एका धबधब्यापुरती उरली आहे. दुसरीकडे याच डोंगरात पिढ्यानपिढ्या जांभ्यातून लोखंड गाळणारे धावड मुसलमान होते. त्यांच्या भट्ट्यांना कोळसा लागे, कोळशाला झाडे लागत, आणि झाडे तर आता राखीव झाली होती. तेव्हा बंगल्यांची सावली शाबूत राहावी म्हणून धावडांच्या भट्ट्या विझल्या आणि लोखंड करणारा कारागीर बिगारी झाला. हवेच्या गावात धुराला जागा नव्हती, हे समजण्याजोगे आहे. पण धूर ज्याच्या चुलीशी बांधलेला होता त्याची व्यवस्था काय, हा प्रश्न कोणी विचारल्याचे दिसत नाही.

साहेबांनी घरे कोठे बांधावी यातही मोठी हौस असे. ज्याला आज आर्थर सीट म्हणतात आणि आसपासचे लोक ज्याला मढीमहाल म्हणत, त्या भयाण कड्याजवळ आर्थर मॅलेट या मुलकी अधिकाऱ्याने पहिले घर बांधले. कड्याखाली सावित्रीचे खोरे पसरलेले आहे. आणि याच सावित्रीच्या मुखाशी, बाणकोटच्या खाडीत, १८५३ मध्ये त्याची पत्नी आणि तान्ही मुलगी बुडून मरण पावल्या. नदीच्या उगमाच्या अंगाला घर आणि मुखाशी कबर, असा हा विलक्षण योग. येथे थोडे विषयांतर करून सांगावेसे वाटते, की माथेरानचा डोंगर १८५० मध्ये ज्याने उजेडात आणला तो ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा या आर्थरचा सख्खा भाऊ, आणि दोघेही पुण्याच्या दरबारात सवाई माधवरावांच्या काळी वकिली करणाऱ्या चार्ल्स मॅलेटचे चिरंजीव. बापाने शनिवारवाड्यात बसून राज्याचे भविष्य जोखले. मुलांनी राज्य हाती आल्यावर त्यातल्या थंड हवेच्या जागा हुडकल्या.

परंतु येथल्या गृहरचनेतली सर्वांत मनोवेधक गोष्ट हौसेची नव्हती, ती पावसाशी केलेल्या तडजोडीची होती. मे सरता सरता, वरची बिऱ्हाडे हलू लागली, की प्रत्येक बंगल्याभोवती गवताच्या ताट्या बांधण्याचे काम सुरू होई. वाऱ्याच्या झोताबरोबर पाऊस येथे वरून पडत नाही, आडवा येतो. जांभ्याचा दगड तो पाणी पिऊन घेतो आणि आतल्या भिंतींना घाम फुटतो. म्हणून छपराच्या पाख्यापासून जमिनीपर्यंत घराला गवताची घोंगडी पांघरावयाची, खिडक्या-दारे त्याखाली झाकून टाकावयाची, आणि आत फक्त माळी किंवा पहारेकरी अंधारात शेगडी पेटवून चार महिने काढी. ज्या माणसाला बंगल्यात एरवी पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, तोच वर्षाचा तिसरा हिस्सा त्या बंगल्याचा एकुलता एक रहिवासी असे. गणपती-नवरात्र उलटल्यावर ताट्या सोडावयाच्या, आतली बुरशी पुसावयाची, ओटीवर ऊन घ्यावयाचे, आणि ऑक्टोबरच्या छोट्या हंगामासाठी फाटक उघडावयाचे. घर हे वर्षातून काही काळ मिटून घ्यावयाची वस्तू आहे, ही समज त्या बांधणीत होती.

साताऱ्याच्या गादीवर पुढे आलेले अप्पासाहेबमहाराज यांनी १८४२ मध्ये वेण्णेचा तलाव बांधला. ते १८४८ मध्ये निवर्तले, आणि पुढे दत्तक नामंजूर होऊन राज्यच खालसा झाले. खंडाळ्याच्या बदल्यात डोंगर घेणाऱ्यांकडे आता खंडाळाही आले. पुढच्या अर्धशतकात मुंबई सरकारचे वार्षिक परिभ्रमण ठरून गेले: हिवाळा मुंबईस, पावसाळा पुण्यास आणि उन्हाळा महाबळेश्वरी. गव्हर्नर वर आला की त्याचे सचिव, दप्तरे, शिरस्तेदार, जासूद, वाद्यवृंद आणि अर्जदार असा सारा लवाजमा वर येई. १८६४ मध्ये फ्रियर हॉल उठला, १८८१ मध्ये क्लब निघाला, आणि बंगल्याचे भाडे हे हवेपेक्षा गव्हर्नराच्या फाटकापासूनच्या अंतरावर ठरू लागले. आधी पुण्याहून टांगे किंवा समुद्रमार्गे कोकणात उतरून घाटाने पालख्या, असा जो खडतर प्रवास होता, तो वाठारला रेल्वेचे स्टेशन झाल्यावर सुकर झाला.

याच सुमारास घरांचे धनीही बदलू लागले. साहेबाची बदली होई, तो पेन्शनीत जाई, आणि त्याचा बंगला मुंबईचे पारशी, भाटिये, खोजे व बोहरी व्यापारी किंवा दक्षिणेतले संस्थानिक विकत घेत. खांबावरचे नाव तेच राही, आतली भाषा बदले. साताऱ्याचे इतिहासकार द. ब. पारसनीस यांनी १९१६ मध्ये महाबळेश्वरावर इंग्रजीत एक सुबक पुस्तक प्रसिद्ध केले, ते मुख्यतः याच प्रतिष्ठित हंगामी समाजाच्या हाती पडावे म्हणून असावे असे मला वाटते. १९४५ च्या उन्हाळ्यात महात्माजी येथे राहिले तेही मोरारजी कॅसल या एका गिरणीमालक घराण्याच्या बंगल्यात. तेव्हा ज्या डोंगरावर सरकार उन्हाळा काढी, त्याच डोंगरावर सरकारला निघून जा म्हणणारा महात्माही उन्हाळा काढून गेला. बिऱ्हाडकरूंच्या गावाला असला भेद करता येत नाही.

पाचगणीचा मार्ग वेगळा. चेसन नावाच्या इंग्रजाने हिरिरीने वसविलेल्या या शेजारगावाला महाबळेश्वरचा डोंगर आडोसा देतो, आणि दहाबारा मैलांच्या अंतरात पाऊस इतका उतरतो, की तेथे बारा महिने राहता येते. म्हणून तेथे शाळा निघाल्या, १९१२ मध्ये डॉ. बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर काढले, पारशी कुटुंबे कायमची राहिली. पाचगणीला मुले वाढतात आणि रोगी बरे होतात. महाबळेश्वरी लोक येतात आणि जातात.

स्वातंत्र्यानंतर सरकारचा उन्हाळी मुक्काम संपला. राजभवन राहिले, पण दरबार राहिला नाही. काही वर्षे बंगले ओस पडले, कित्येकांची छपरे खचली. मग एस. टी.च्या गाड्या घाट चढू लागल्या, आणि गव्हर्नरामागून वर येणाऱ्या समाजाच्या जागी मुंबई, पुणे आणि गुजरातेतला मध्यमवर्गीय कुटुंबवत्सल प्रवासी आला. त्याला दहा आठवड्यांचा बंगला परवडत नव्हता आणि नकोही होता. त्याला तीन दिवसांची खोली पाहिजे होती. या एका बदलाने घराचे गणित उलटले. ज्या दोन एकरांवर एक कुटुंब राहत होते, त्याच दोन एकरांवर वीस कुटुंबे राहिली तर भाडेपट्टेदाराचे नशीब उघडते, हे कळावयास फार बुद्धी लागत नव्हती. बंगल्याच्या मागे नोकरांच्या खोल्या होत्या त्या पाहुण्यांच्या झाल्या, तबेल्याचे उपाहारगृह झाले, टेनिसच्या मैदानावर सिमेंटचे मजले चढले. आणि दर्शनी भागी जुना बंगला कचेरी म्हणून, शोभेसाठी, तेवढा उरला.

परंतु भुई अद्याप सरकारची होती. पट्ट्यावर लिहिलेले असे राहण्याचे घर आणि उभे राहिले हॉटेल. पट्ट्याची मुदत संपे, नूतनीकरणाचा अर्ज कलेक्टर कचेरीत वर्षानुवर्षे पडून राही, आणि तोपर्यंत कब्जेदार, पोटभाडेकरू, वारस आणि भागीदार यांची अशी गुंतवळ होई, की शर्तभंगाची नोटीस नेमकी कोणाला बजावावी हेच कळेनासे होई. एकोणिसाव्या शतकातल्या छावणीच्या शिरस्त्याने विसाव्या शतकातल्या व्यापाराला बांधून ठेवण्याचा हा प्रयत्न केविलवाणा होता खरा; तथापि मी त्याला सर्वस्वी निरुपयोगी म्हणणार नाही. जमीन पहिल्या दिवसापासून खरेदीखताने विकली गेली असती, तर आज पेठेभोवती जी झाडी दिसते ती कितीशी दिसली असती, याचा विचार लोणावळ्याला जाऊन यावे आणि मग करावा.

झाडीला दुसरा आधार मिळाला तो कायद्याचा. मुंबईच्या पर्यावरणवाद्यांनी, विशेषतः बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने, बरीच वर्षे पाठपुरावा केल्यावर १७ जानेवारी २००१ रोजी केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणीचा सुमारे १२४ चौरस किलोमीटरचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. उंच इमारती, उतारावरचे बांधकाम, वृक्षतोड आणि खाणकाम यांवर बंधने आली. बंधने आली म्हणजे बांधकामे थांबली असा अर्थ कोणी घेऊ नये. पत्र्याची शेड म्हणून उभी राहिलेली वस्तू दोन पावसाळ्यांत भिंती धारण करते आणि तिसऱ्यात तिला स्नानगृह फुटते, हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडत आले आहे. आणि या बंधनांचा सर्वाधिक जाच झाला तो मोठ्या हॉटेलवाल्याला नव्हे, तर ज्याच्या वडिलोपार्जित दोन खोल्या आता दोन भावांच्या संसाराला पुरत नाहीत, अशा पेठेतल्या किंवा खेड्यातल्या माणसाला. त्याच्याजवळ ना वकील, ना मुंबईची ओळख.

पट्ट्याची जमीन दुर्मिळ झाल्यावर शहरातला पैसा शेतजमिनीकडे वळला. १९४८ च्या कूळकायद्याच्या ६३ व्या कलमाने शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीवाचून घेता येत नाही. हेतू हा, की कसणाऱ्याच्या हातून जमीन सुटू नये. त्यामुळे मुंबईतल्या कित्येक सद्‌गृहस्थांना उतारवयात एकाएकी आपण शेतकरी असल्याचा साक्षात्कार झाला, कोठल्या तरी तालुक्यातला सात-बारा निघाला, आणि स्ट्रॉबेरीच्या चार वाफ्यांआड ‘फार्म हाऊस’ उभे राहिले. आता तर राज्य रस्ते विकास महामंडळाला नियोजन प्राधिकरण नेमून, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या आसपासची दोनशेहून अधिक गावे घेऊन ‘नवीन महाबळेश्वर’ वसविण्याची शासनाची योजना आहे. ज्या खोऱ्यातली घरे सहा दशकांपूर्वी धरणाच्या पाण्याखाली गेली आणि ज्यांतली माणसे दूरदूरच्या तालुक्यांत नेऊन बसविली, त्याच पाण्याच्या काठी आता सुटीतल्या माणसांना जागा आखून द्यावयाच्या आहेत. रस्ता याही वेळी आधीच होणार.

मी जूनच्या पहिल्या आठवड्यात पेठेतून हिंडलो आहे. मोठ्या हॉटेलांचे सिमेंट आणि काच पावसाला तोंड देण्याच्या आवेशात तशीच उघडी असतात. त्यांना आता हंगाम संपत नाही, पाऊस पाहावयास येणाराही प्रवासी आहे, आणि ओल्या भिंतींवर दरसाल नवा रंग देण्याइतके भाडे तो देतो. जुन्या बंगल्यांपैकी एखाददुसऱ्याभोवतीच गवताच्या ताट्या दिसतात. गवत महाग झाले, बांधणारे हात कमी झाले, म्हणून बाकीच्यांनी निळे प्लॅस्टिकचे कापड ताणलेले असते. अशाच एका फाटकाशी एक वयस्कर माळी सुंभाचे भेंडोळे घेऊन ताटीला गाठी मारीत होता. बंगल्याचे मालक कोठे असतात म्हणून विचारले, तर म्हणाला, आधीचे वारले, नंतरच्यांचे कोर्टात चालू आहे. मग तुम्ही ताट्या कोणासाठी बांधता, असे विचारल्यावर त्याने आभाळाकडे पाहिले, दातांत धरलेला सुंभाचा तुकडा सोडला, आणि म्हणाला, ‘आत मी राहतो की.’